जपानमधली तुमची भाषाशाळा अचानक बंद पडली तर: नाशिकहून गेलेल्या शिक्षकांसाठी कामांचा क्रम

पगाराची तारीख उलटून चार दिवस झालेत. मुख्य कार्यालयात फोन वाजतो, पण उचलत कुणी नाही. सकाळी वर्गावर जावं तर शटरवर जपानीत लिहिलेला एक कागद चिकटवलेला. अशा वेळी बहुतेकांच्या मनात दोनच गोष्टी येतात: मुंबईचं तिकीट काढावं, नाहीतर गप्प बसून वाट पाहावी. दोन्हींत पैसा बुडतो. घाईने निघालात तर हक्काचे दावे अर्धवट राहतात, आणि वाट पाहत बसलात तर मुदती टळतात.

हे काही कल्पनेतलं संकट नाही. नोव्हा ही इंग्रजी संभाषण शिकवणारी जपानमधली सर्वांत मोठी साखळी होती. २६ ऑक्टोबर २००७ रोजी तिने ओसाकाच्या न्यायालयात संरक्षण मागितलं आणि बरोबर महिन्याने, २६ नोव्हेंबरला, ती दिवाळखोर जाहीर झाली. सुमारे चार हजार परदेशी शिक्षक अडकले. अनेकांच्या पगारातून घरभाडं कापलं गेलं होतं, पण घरमालकांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये जिओस ही दुसरी मोठी साखळीही दिवाळखोरीत गेली. जपानी कायद्यात अशा वेळेसाठी बऱ्यापैकी चांगली सोय आहे. ती मिळते मात्र योग्य कागद योग्य खिडकीवर मुदतीत देणाऱ्यालाच.

हा लेख खासगी भाषाशाळेत (तिथे तिला एइकाइवा म्हणतात) किंवा शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या कंपनीत कामाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी आहे. नाशिकमधल्या घरच्यांनी काय करायचं, ते नवव्या पायरीत आहे. तेवढा भाग त्यांना आजच पाठवून द्या.

## १. आधी ओळखा: नक्की काय झालंय?

'बंद पडली' या एका शब्दामागे चार वेगळ्या अवस्था असू शकतात आणि प्रत्येकीत तुमची वाट वेगळी असते.

हासान म्हणजे सरळ दिवाळखोरी. न्यायालय एक वकील नेमतं, त्याला हासान कान्झाइनिन म्हणतात. यापुढे कंपनीच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याचाच. जुना व्यवस्थापक फोनवर काहीही सांगो, त्याला आता किंमत नाही.

काइशा कोसेइ आणि मिन्जी साइसेइ म्हणजे कंपनी वाचवण्याचे प्रयत्न. वर्ग चालू राहू शकतात, नवा मालक येऊ शकतो. नोव्हाच्या प्रकरणाची सुरुवात काइशा कोसेइने झाली होती आणि महिनाभरात तिचा शेवट हासानमध्ये झाला. त्यामुळे 'पुनर्रचना चालू आहे' एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका.

चौथी अवस्था सर्वांत चिवट: मालक गायब, न्यायालयात अर्जच नाही. लहान शाळांचं बहुधा असंच होतं. इथे कामगार कार्यालयाकडून 'प्रत्यक्षात दिवाळखोर' असा दाखला मिळवावा लागतो. तो कसा, ते सहाव्या पायरीत पाहू.

शटरवरच्या कागदाचा फोटो काढा. त्यावर वकिलाचं नाव, न्यायालयाचं नाव आणि प्रकरण क्रमांक असतो. पुढच्या प्रत्येक अर्जात तो क्रमांक लागतो.

## २. पहिले ४८ तास: कागद ताब्यात घ्या

कंपनीची ईमेल खाती आणि पगारपत्रकाची वेबसाइट कोणत्याही क्षणी बंद होते, कारण सर्व्हरचं बिल भरणारं कुणी उरत नाही. म्हणून कुठेही धावण्याआधी हे काम करा. वैयक्तिक ईमेलवर तर पाठवाच, शिवाय मोबाइलमध्येही ठेवा:

- नोकरीचा करार आणि त्याची सगळी नूतनीकरणं
- शक्यतो मागच्या १२ महिन्यांची पगारपत्रकं (क्यूयो मेइसाइ)
- बँक पासबुकात पगार जमा झाल्याच्या नोंदी, आणि शेवटचा पगार जमा न झाल्याचं दाखवणारं पान
- वर्गांचं वेळापत्रक, हजेरीची नोंद, जादा तासांचे संदेश
- झाइर्यू कार्डाच्या (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) दोन्ही बाजू, पासपोर्ट, माय नंबर (ओळख क्रमांक) कार्ड
- आरोग्य विम्याचा क्रमांक, पेन्शनचा मूळ क्रमांक, नोकरी विम्याचा (कोयो होकेन) क्रमांक
- घराचा करार, आणि भाडं पगारातून कापलं जात असल्यास त्याचा पुरावा
- मागच्या वर्षीचा गेन्सेन चोश्यूह्यो, म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म सोळासारखा कर दाखला

वेळापत्रक आणि हजेरी बहुतेक जण विसरतात. शेवटच्या महिन्याचं पगारपत्रक निघालेलंच नसतं, तेव्हा तुम्ही किती तास शिकवलं याचा दुसरा पुरावाच नसतो. वर्गातल्या फळ्यावर तासिकांचा तक्ता असेल तर त्याचाही फोटो घ्या.

विद्यार्थ्यांची नावं-पत्त्यांची यादी मात्र घेऊ नका. ती कंपनीकडची वैयक्तिक माहिती आहे. पुढे खासगी शिकवणीसाठी ती वापरलीत तर वकिलासमोर तुमची बाजू लंगडी पडते. शाळेचे संगणक, पुस्तकं, किल्ल्या यांनाही हात लावू नका. 'पगार दिला नाही, म्हणून लॅपटॉप ठेवून घेतला' हा हिशेब जपानमध्ये चालत नाही.

## ३. कोणत्याही राजीनाम्यावर सही करू नका

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. अशा धावपळीत व्यवस्थापक एक जपानी अर्ज पुढे करतो आणि 'औपचारिकता आहे' म्हणतो. त्यावर ताइशोकु तोदोके असं लिहिलेलं असेल, तर तो राजीनामा आहे. कारणाच्या रकान्यात जिको त्सुगो, म्हणजे 'स्वतःच्या कारणाने', असं छापलेलं असतं. तुमची नोंद काइशा त्सुगो, म्हणजे 'कंपनीच्या कारणाने', अशी व्हायला हवी. या एका नोंदीवर बेकारी भत्ता लगेच मिळणार की थांबून, आणि आरोग्य विम्याचा हप्ता कमी होणार की नाही, हे ठरतं.

जपानच्या कामगार कायद्यानुसार कामावरून काढायचं तर ३० दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते, नाहीतर जितके दिवस कमी तितक्या दिवसांचा सरासरी पगार. काढल्याचं पत्र लेखी मागा. कंपनी काढतही नाही आणि 'घरीच थांबा, कळवतो' म्हणते, तेव्हा त्या दिवसांसाठी सरासरी पगाराच्या किमान ६० टक्के रक्कम देणं तिच्यावर बंधनकारक आहे. तो आदेशही लेखी घ्या, निदान संदेशात तरी.

पण महिनोन् महिने फुकट वाट पाहणंही चुकीचं. थकलेल्या पगाराची सरकारी योजना नोकरी सुटल्याच्या दिवसापासून मागे सहा महिन्यांपर्यंतचाच पगार धरते. बिनपगारी जितके लटकत राहाल, तितके जुने महिने त्यातून गळतात. दोन महिने पगार नाही आणि कंपनी हालचाल करत नाही असं झालं, तर आधी हॅलो वर्क या सरकारी रोजगार कार्यालयात जाऊन विचारा. पगार वेळेवर न मिळाल्यामुळे नोकरी सोडणं हे तिथे साधं 'स्वतःचं कारण' मानलं जात नाही. मात्र सोडण्याच्या पत्रात ते कारण स्पष्ट लिहिलेलं हवं: 'अमुक तारखेपासून पगार न मिळाल्याने'.

## ४. छप्पर वाचवा

कंपनीने दिलेल्या घरात राहत असाल, तर करार पाहा. भाडेकरू म्हणून तुमचं नाव आहे की कंपनीचं? कंपनीचं असेल तर घरमालकाच्या दृष्टीने तुम्ही तिथे राहणारे आहात, भाडेकरू नाही. त्याला दोन-तीन महिन्यांचं भाडं मिळालेलंच नसण्याची शक्यता मोठी.

त्याने दारावर चिठ्ठी लावण्याआधी आपण होऊन भेटा. पगारातून भाडं कापल्याची पत्रकं दाखवा. 'मागची थकबाकी कंपनीची, पुढचं भाडं मी देतो, करार माझ्या नावावर करा' असा प्रस्ताव द्या. रिकामं घर कुणालाच परवडत नाही, त्यामुळे बरेच घरमालक ऐकून घेतात. मागची थकबाकी तुम्ही भरण्याचं कारण नाही, कारण ती रक्कम तुमच्या पगारातून आधीच गेलेली आहे.

थेट घरमालकाला दिलेल्या प्रत्येक येनची पावती ठेवा. थकलेला पगार काढताना कंपनीच्या घराचं भाडं त्यातून वजा होतं. तेच भाडं तुम्ही हातून भरलंय हे दाखवता आलं नाही, तर एकाच महिन्याचा भुर्दंड दोनदा बसतो.

## ५. चौदा दिवसांची कामं

नोकरी सुटल्याच्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं.

इमिग्रेशन. नोकरी देणारी संस्था सुटल्याचं १४ दिवसांत कळवावं लागतं. हे ऑनलाइन, टपालाने किंवा कार्यालयात जाऊन करता येतं. नोकरी गेली म्हणून व्हिसा त्याच दिवशी संपत नाही. झाइर्यू कार्डावरच्या तारखेपर्यंत तो चालतो. पण योग्य कारणाशिवाय तीन महिन्यांहून जास्त काळ त्या व्हिसाचं काम केलं नाही, तर तो रद्द करण्याचा अधिकार इमिग्रेशनला आहे. नोकरी शोधणं हे योग्य कारण आहे, पण ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून केलेले अर्ज, मुलाखतींचे ईमेल, हॅलो वर्कच्या भेटींच्या नोंदी एका फाइलमध्ये लावून ठेवा.

आरोग्य विमा. कंपनीमार्फत विमा असेल, तर दोन वाटा आहेत. नगरपालिकेत जाऊन १४ दिवसांत राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा, किंवा २० दिवसांत अर्ज करून जुनाच विमा पुढे चालू ठेवायचा. दुसऱ्या वाटेसाठी आधी किमान दोन महिने त्या विम्यात असावं लागतं आणि कंपनीचा हिस्साही तुम्हालाच भरावा लागतो. कंपनी बुडाल्याने नोकरी गेलेल्यांना राष्ट्रीय विम्याच्या हप्त्यात मोठी सवलत आहे: हप्ता ठरवताना मागच्या वर्षाच्या पगाराचा फक्त ३० टक्के भाग धरतात. ही सवलत मागावी लागते आणि त्यासाठी हॅलो वर्कचं भत्त्याचं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यामुळे बहुतेकांना पहिली वाट स्वस्त पडते.

इथे एक घोळ नेहमी होतो. नगरपालिका 'जुना विमा संपल्याचा दाखला' मागते, आणि तो द्यायला कंपनीत कुणी नसतं. हाच तपशील पेन्शन कार्यालयातून मिळतो. सरळ तिथे जा.

पेन्शन. त्याच नगरपालिकेत, त्याच दिवशी राष्ट्रीय पेन्शनची नोंद करा आणि बेकारीच्या कारणाने हप्ता माफीचा अर्जही तिथेच द्या.

रहिवासी कर. हा मागच्या वर्षीच्या कमाईवर लागतो, त्यामुळे उत्पन्न थांबलं तरी बिल येतं. फाडून फेकू नका. हप्ते पाडून मागा.

## ६. थकलेला पगार

पहिला थांबा रोदो किजुन कान्तोकुशो, म्हणजे कामगार मानक तपासणी कार्यालय. तुमच्या शाळेचा पत्ता ज्या भागात, त्याच भागाचं कार्यालय. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही. दुसऱ्या पायरीतली फाइल सोबत न्या.

कंपनी खरोखर बुडाली असेल तर सरकार थकलेल्या पगाराचा ८० टक्के भाग आधी स्वतः देतं आणि मग कंपनीच्या मालमत्तेतून वसूल करतं. या योजनेचं नाव मिबाराइ चिंगिन ताते-काए-बाराइ. अटी अशा:

- कंपनीने किमान एक वर्ष व्यवसाय केलेला हवा.
- न्यायालयात अर्ज झाल्याच्या तारखेच्या सहा महिने आधीपासून पुढच्या दोन वर्षांत तुमची नोकरी सुटलेली हवी.
- थकलेली रक्कम २०,००० येनपेक्षा कमी नसावी.
- मासिक पगार आणि करारात असेल तर निवृत्तीची रक्कम धरतात. बोनस आणि ३० दिवसांच्या सूचनेची भरपाई धरत नाहीत.
- दिवाळखोरीचा निर्णय झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दोन वर्षांत दावा करायचा.

वयानुसार मर्यादा आहे. नोकरी सुटताना वय ३० च्या आत असेल तर जास्तीत जास्त ८,८०,००० येन, ३० ते ४४ असेल तर १७,६०,००० आणि ४५ किंवा अधिक असेल तर २९,६०,००० येन मिळतात. उदाहरणार्थ, वय २८, पगार महिना अडीच लाख येन, दोन महिने थकले. थकबाकी पाच लाख, तिचे ८० टक्के म्हणजे चार लाख येन. मर्यादेच्या बरंच खाली, त्यामुळे पूर्ण चार लाख मिळू शकतात, कंपनीच्या घराचं भाडं वजा जाता. उरलेल्या २० टक्क्यांचा दावा दिवाळखोरीच्या वकिलाकडे तसाच राहतो. निर्णयाआधीच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराला इतर बऱ्याच देण्यांपेक्षा वरचा क्रम असतो, म्हणून तोही सोडून देऊ नका.

प्रत्यक्षात हे असं चालतं. दिवाळखोरीचा वकील तुमच्या थकबाकीचा दाखला देतो. दाखल्यावरची नोकरी सुटल्याची तारीख, पगाराचे महिने आणि रक्कम तुमच्या पत्रकांशी ताडून पाहा. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. मग दाखला अर्जासह कामगार आरोग्य व सुरक्षा संस्थेकडे टपालाने जातो आणि पैसे तुमच्याच नावाच्या खात्यात येतात. अर्जावरचं नाव आणि बँकेतलं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे येतं आणि जपानी बँकेत ते काताकाना लिपीत लिहिताना कधी गळतं, कधी जोडलं जातं. पासबुकावर जसं आहे, तसंच लिहा.

मालक गायब असेल आणि न्यायालयात काहीच नसेल, तर नोकरी सुटल्यापासून सहा महिन्यांत त्याच कामगार कार्यालयात 'प्रत्यक्ष दिवाळखोरी'च्या दाखल्यासाठी अर्ज करा. ही सोय लहान आणि मध्यम कंपन्यांसाठीच आहे. ही मुदत चुकली, की पुढचं दार बंद. एका शिक्षकाने अर्ज केला तरी दाखला सगळ्या कंपनीसाठी असतो, म्हणून सगळ्यांनी मिळून आधी ठरवून घ्या.

सर्वांत मोठा सापळा कराराच्या नावात आहे. तुमच्या करारावर ग्योमु इताकु लिहिलेलं असेल, तर कागदोपत्री तुम्ही कर्मचारी नाही, कंत्राटदार आहात. तेव्हा यातलं काहीच आपोआप लागू होत नाही. तरीही हार मानू नका. कामाची वेळ, जागा, अभ्यासक्रम आणि पोशाखसुद्धा कंपनी ठरवत असेल आणि पर्यायी शिक्षक पाठवण्याची मुभा नसेल, तर कामगार कार्यालय प्रत्यक्ष स्थिती पाहून तुम्हाला कर्मचारी ठरवू शकतं. वेळापत्रक आणि सूचनांचे संदेश लागतात ते यासाठीच.

वकिलाशी बोलायचं असेल, तर सरकारी कायदा मदत केंद्र होतेरासु आहे. तिथे इंग्रजीतही माहिती मिळते. परदेशी शिक्षकांच्या कामगार संघटनाही आहेत. माझ्या मते पहिल्याच आठवड्यात अशा एखाद्या संघटनेत नाव घालावं, कारण वकिलाला एकट्या शिक्षकाच्या ईमेलपेक्षा चाळीस जणांचं एकत्र पत्र आधी दिसतं.

## ७. हॅलो वर्क: बेकारी भत्ता

आरोग्य विमा आणि पेन्शनची जबाबदारी टाळण्यासाठी अनेक भाषाशाळा आठवड्याला २९.५ तासांचे करार करत आल्या. त्यामुळे 'आपल्याला कसलाच विमा नाही' असा समज पसरला. तो चुकीचा आहे. आठवड्याला किमान २० तास आणि किमान ३१ दिवस मुदतीची नोकरी असली, की नोकरी विमा लागू होतोच.

कंपनी बुडाल्याने नोकरी गेली, तर मागच्या एका वर्षात सहा महिने विमा असला तरी पुरतं. स्वतःहून सोडलेल्याला दोन वर्षांत बारा महिने लागतात. सात दिवसांच्या प्रतीक्षेनंतर भत्ता सुरू होतो. रक्कम रोजच्या सरासरी पगाराच्या साधारण ५० ते ८० टक्के, आणि कमी पगाराला जास्त टक्केवारी. विमा एक वर्ष ते पाच वर्षांच्या आतला असेल, तर तिशीच्या आतल्यांना ९० दिवस, ३० ते ३४ वयाला १२० आणि ३५ ते ४४ वयाला १५० दिवस.

न्यायचं ते: रिशोकुह्यो (नोकरी सुटल्याचा दाखला, दोन भाग), झाइर्यू कार्ड, माय नंबर, ३ × २.४ सेंटिमीटरचे दोन फोटो, बँक पासबुक. रिशोकुह्यो कंपनीने द्यायचा असतो आणि बुडालेली कंपनी तो देत नाही. तरी जा. पगारपत्रकं दाखवून 'नोंद तपासा' अशी मागणी करा. कंपनीने विम्यात नावच घातलं नसेल, तर दोन वर्षं मागे जाऊन नोंद करता येते. पत्रकावर विम्याची कपात दिसत असेल, तर त्याहूनही मागे जाता येतं.

भत्ता नोकरी सुटल्यापासून एका वर्षाच्या आत संपवायचा असतो. तो नोकरी शोधणाऱ्यालाच मिळतो आणि ठरलेल्या दिवशी स्वतः हजर राहावं लागतं. नाशिकला परत आलात की तो थांबला. तिकीट काढण्याआधी हे गणित मांडा.

## ८. नवी नोकरी आणि नवा मालक

नवा मालक शाळा विकत घेऊन 'सगळ्यांना परत घेतो' म्हणाला, तर आनंद आहे. सहीपूर्वी मात्र तीन गोष्टी पाहा. जुना थकलेला पगार सोडून दिल्याचं वाक्य करारात आहे का? तुमची जुनी सेवा धरली जाणार, की रजा शून्यापासून सुरू? पगाराची तारीख कोणती? जुनी देणी नव्या मालकाकडे जात नाहीत असंच गृहीत धरा आणि सहावी पायरी चालू ठेवा.

दुसरीकडे अर्ज करताना झाइर्यू कार्डावरचा प्रकार वाचा. खासगी भाषाशाळेसाठी 'तंत्रज्ञान, मानव्यविद्या, आंतरराष्ट्रीय सेवा' हा प्रकार लागतो, आणि सरकारी शाळेत सहायक शिक्षक म्हणून 'शिक्षण' हा. एकातून दुसऱ्यात जायचं तर आधी प्रकार बदलून घ्यावा लागतो. घाईत रुजू होऊन नंतर अर्ज करणं म्हणजे परवानगीविना काम. दुकानात किंवा हॉटेलात तात्पुरतं काम करायचं असलं, तरी आधी इमिग्रेशनची वेगळी परवानगी घ्या. नवी नोकरी लागल्यावर तेही १४ दिवसांत कळवा.

विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षभराची फी आगाऊ भरलेली असते आणि ते तुम्हालाच गाठतात. त्यांच्या पैशाला तुम्ही जबाबदार नाही. 'वकिलाकडे दावा नोंदवा' एवढं नम्रपणे सांगा. जुन्या शाळेच्या नावावर त्यांच्याकडून पैसे मुळीच घेऊ नका.

## ९. नाशिकच्या घरच्यांसाठी

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथली कार्यालयं उघडतात तेव्हा नाशिकमध्ये सकाळचे पाच-साडेपाच झालेले असतात, आणि दुपारी दीडनंतर तिथे कुणी भेटत नाही. मुलाला किंवा मुलीला कार्यालयांच्या वेळेत सारखे फोन करू नका. दुपारी जेवणं झाल्यावर बोला.

पैसे पाठवायचे तर बँकेतूनच. जवळच्या नातेवाइकाच्या निर्वाहासाठी अधिकृत बँकेतून पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) देऊन पैसे पाठवता येतात. वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे, आपल्याला तिच्या जवळपासही जायचं नसतं. ओळखीच्या माणसाकरवी 'इथे रोख द्या, तिथे येन मिळतील' असा व्यवहार करू नका. तो बेकायदा आहे, आणि ज्याच्या व्हिसावर आधीच प्रश्न आहे त्याला तर तो फारच महाग पडेल.

कर्ज. परदेशी जाण्यासाठी बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज काढलं असेल, तर हप्ता चुकण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कंपनी बंद झाल्याच्या नोटिशीचा फोटो आणि मराठी अनुवाद जोडा. हप्ता चुकल्यावर केलेल्या विनंतीपेक्षा आधी दिलेल्या अर्जाला शाखेत जास्त ऐकलं जातं.

मुखत्यारपत्र. शिक्षकाच्या नावावरचे नाशिकमधले व्यवहार आई-वडिलांना करायचे असतील, तर मुखत्यारपत्र तोक्योच्या भारतीय दूतावासात किंवा ओसाकाच्या वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून इथे पाठवायचं. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलंच पाहिजे. पाकीट कपाटात ठेवून सहा महिन्यांनी काढलं, असं होऊ देऊ नका. पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा.

मदत. खिशात पैसेच उरले नसतील, तर परदेशात अडकलेल्या भारतीयांसाठी दूतावासाकडे समुदाय कल्याण निधी असतो. त्यातून राहण्याची तात्पुरती सोय, सुरुवातीची कायदेशीर मदत आणि अगदी गरज पडल्यास परतीचं तिकीट मिळू शकतं. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदवा. ती नाशिकमधूनही नोंदवता येते.

एजंट. इथल्या एजंटाला पैसे दिले असतील, तर तो दावा पगाराच्या दाव्यापासून पूर्ण वेगळा ठेवा. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाकडे, आणि फसवणूक असेल तर नाशिक शहर पोलिसांकडे. पावत्या, व्हॉट्सॅपवरचं बोलणं, बँकेची नोंद जमवा. रोख देऊन पावती घेतली नसेल, तर निदान त्या दिवशी खात्यातून रक्कम काढल्याची नोंद तरी शोधा.

## १०. परतायचं ठरलंच तर

निघण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःला द्या. वर्षाच्या आत जपानला परत जायचंय का? पेन्शनचे पैसे काढून घ्यायचेत का? पुढची कामं या उत्तरांवर ठरतात.

परत जायचं असेल, तर विमानतळावर पुनःप्रवेशाच्या कार्डावरच्या चौकटीत खूण करा. ती राहिली तर व्हिसा तिथेच संपतो, मग कार्डावर दोन वर्षं बाकी असली तरी.

कायमचं निघायचं असेल, तर नगरपालिकेत देश सोडल्याची नोंद करा. पेन्शनचा एकरकमी परतावा जपानमधला पत्ता रद्द झालेल्यालाच मिळतो. किमान सहा महिने हप्ते भरलेले हवेत, अर्ज देश सोडल्यापासून दोन वर्षांत करायचा, आणि जास्तीत जास्त ६० महिने धरतात. कंपनीमार्फतच्या पेन्शनमध्ये सरासरी अडीच लाख येन पगारावर ३६ महिने भरले असतील, तर परतावा सुमारे ८,२५,००० येन होतो. त्यातून २०.४२ टक्के, म्हणजे १,६८,४६५ येन, कर कापला जातो. हा कर परत मागता येतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणाऱ्या कुणाला तरी कर प्रतिनिधी नेमावं लागतं; तो फॉर्म निघण्याआधीच कर कार्यालयात द्या. विश्वासू सहकारी चालतो. नाशिकला पोचल्यावर असा माणूस शोधणं फार अवघड जातं.

परताव्याचा अर्ज मोकळ्या मनाने करण्याआधी एक थांबा घ्या. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे दोन्ही देशांतला सेवाकाळ पेन्शनच्या पात्रतेसाठी जोडता येतो. परतावा घेतला की जपानमधले ते महिने पुसले जातात. दोन-तीन वर्षंच झाली असतील तर परतावा बहुधा सोयीचा. आठ-नऊ वर्षं झाली असतील, तर घाई करू नका, कारण जपानी पेन्शनची पात्रता दहा वर्षांची आहे.

बँक खातं शेवटी बंद करा, थकलेल्या पगाराचा अर्ज मार्गी लागल्यावर, आणि अर्जावर दिलेलं खातं मधेच बदलू नका.

अनुभवाचा दाखला बुडालेली कंपनी देणार नाही. ज्या शाळेत शिकवलंत तिच्या मुख्याध्यापकांकडून किंवा तिथल्या शिक्षण मंडळाकडून विषय, इयत्ता, आठवड्याचे तास आणि तारखा असलेलं सहीशिक्क्याचं पत्र मागा. तेही जमलं नाही, तर करार, पगारपत्रकं आणि गेन्सेन चोश्यूह्यो यांचा एकत्र गठ्ठा गंगापूर रोडवरच्या एखाद्या शाळेतल्या मुलाखतीत तुमचा अनुभव सिद्ध करायला पुरतो. जपानी कागदांचा अनुवाद तिथेच करून घ्या, इथे तो महाग पडतो आणि वेळ खातो.

परतल्यावर सीएकडे जाताना पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांची यादी न्या. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले, की तुम्ही कराच्या दृष्टीने निवासी ठरता. म्हणजे १ ऑक्टोबरला किंवा त्याआधी कायमचे परतलात तर त्याच वर्षी. काहींना त्याहून कमी दिवसांतही हा नियम लागतो, म्हणून मागच्या चार वर्षांत भारतात घालवलेले दिवसही मोजून ठेवा. थकलेला पगार आणि पेन्शनचा परतावा या दोन्ही रकमा परतल्यानंतर खात्यात येतात, तेव्हा त्या कोणत्या वर्षात दाखवायच्या हे सीएंना आधीच विचारा. एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल तर बँकेला परतल्याचं कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्या.